कोरमाचं पाचवं डोकं

हायकोर्टातल्या कुठल्या न्यायाधीशाच्या नेमणुकीवरून राजकारण्यांची ओढाताण चालली आहे, एका पक्षाने नाव पुढे केलंय आणि दुसऱ्याने ते अडवून धरलंय, असं पेपरात आलं की आमच्या घरातली माणसं चिंतेत पडतात. मी मात्र खुश होते. चहाचा कप खाली ठेवते आणि म्हणते, "हे काय नवीन? हा डाव आमचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, देऊळगाव राजाच्या अलीकडे, पत्र्याच्या एका खोलीत, कधीच खेळून गेले." मग कोणीतरी विचारतं, कसा डाव? आणि मला सांगावंच लागतं. कोणी विचारलं नाही तर मी कप खाली ठेवतच नाही, हातात धरून बसते. शेवटी विचारतात.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. चार-सहा गावांना मिळून एक न्याय पंचायत असायची. बांध कोरला, जनावर पिकात घुसलं, शिवीगाळ झाली, असले तंटे तिथे चालायचे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावचा एक माणूस निवडून तिथे पंच म्हणून पाठवायचा. आमच्या लेखी तेच हायकोर्ट. खरं हायकोर्ट मुंबईला आणि नागपूरला, तिथे कोण जातंय? पण तुमच्या ज्वारीत कोणाची म्हैस शिरली हे ठरवणारा माणूस कोण, यावर गावात तुमची मान वर की खाली ते ठरायचं.

आधीचा पंच आमच्याच घरचा होता. भासऱ्यांचा सख्खा साला, बहिणीच्या गावात येऊन ठाण मांडून बसलेला. त्याचा एक निकाल मला तोंडपाठ आहे. आमच्या म्हशींनी बौद्धवाड्यातल्या एका शेतकऱ्याची ज्वारी खाल्ली. अख्ख्या गावाने त्या म्हशी हिरवं चघळत घरी येताना पाहिल्या. निकाल असा झाला की ज्वारी वाटेच्या फार जवळ पेरली होती, सबब दोष ज्वारीवाल्याचा. तो शेतकरी उन्हात उभा राहून हा निकाल ऐकत होता. पंच सावलीत बसले होते.

पुढच्या निवडणुकीत तोच शेतकरी ग्रामपंचायतीचा मेंबर झाला, आणि न्याय पंचायतीवर पाठवायला त्याचंच नाव पुढे आलं. माणूस गोड होता असं समजू नका. हसायचा नाही, चहा दिला तर साखर जास्त झाली म्हणायचा, आणि कोणी "रामराम" केला तरी आधी थांबून, हा कशासाठी केला असेल, याचा विचार करायचा. पण त्याला विकत घेता आलं नसतं, हे त्याचे शत्रूसुद्धा मान्य करत. शत्रूंची अडचणच ती होती.

आता हिशेब सांगते, लहानसा आहे. पंचायतीत नऊ मेंबर. त्या शेतकऱ्याच्या बाजूला चार: तो स्वतः, म्हातारे सरपंच आणि आणखी दोघं. सरपंचांना कमी ऐकू यायचं म्हणून दोन्ही गटांनी त्यांना बिनधोक समजून खुर्चीवर बसवलं होतं. भासऱ्यांच्या बाजूला पाच: ते स्वतः, त्यांच्या शब्दाबाहेर नसलेले दोन मेंबर, खाटेला खिळलेल्या आत्याबाई, आणि मी.

हो, मी. बायकांसाठी दोन जागा राखून ठेवायचा कायदा होता, आणि त्या जागांवर घरच्याच बायका बसवायची रीत होती. बसवायच्या म्हणजे कागदावर. पंचायतीचा चपराशी सभा झाली की रजिस्टर घेऊन मागच्या दाराने यायचा. "वहिनी, सही." मी पिठाचे हात पदराला पुसायची आणि सही करायची. दर महिन्याला मी पंचायतीच्या ऑफिसात हजर असायची आणि त्याच वेळी घरी पापड लाटत असायची. एकाच वेळी दोन ठिकाणी असणं फक्त देवांना जमतं असं मी सुलतानपूरला, माहेरी, ऐकलं होतं.

सभेला प्रत्यक्ष जायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर बसत नाही, त्यांच्याशी बोलत नाही, तोंड दाखवत नाही. भासरे ज्या खोलीत, त्या खोलीत धाकटी सून नाही. आणि भासरे तर पंचायतीत पहिल्या रांगेत.

पण त्या वर्षी नवा ग्रामसेवक आला होता, अमरावतीकडचा, चष्मेवाला, अडेल. तो म्हणाला, बाकी ठराव कसे झाले ते मी विचारत नाही, पण पंचाची निवड हात वर करून होईल, आणि हात ज्याचा तो माणूस समोर बसलेला पाहिजे. घरून आलेली सही चालणार नाही. निवडीला पाच डोकी हजर लागतील. कोरम.

झालं! भासऱ्यांचं पाचाचं बहुमत एका चष्म्याने तीनावर आणलं. समोर चार.

त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत खलबत झालं. दाराआड मी चहा गाळत होते, जाऊबाई कप भरत होत्या. जाऊबाई म्हणजे भासऱ्यांची बायको. भासऱ्यांच्या दोन मेंबरांपैकी एकजण म्हणाला, "भाऊ, सोपं हाये ना. आत्याबाईले खाटेसकट उचलून आनू, अन् धाकल्या वहिनीले घरून बलावू. पाच हात होतेत आपले."

भासऱ्यांचा आवाज असा चढला की कपातला चहा हलला. "काय बोलून राह्यला बे? माह्या घरची सून चावडीवर जाऊन हात वर करीन? माह्यासमोर? मंग मी गावात तोंड कुठी दाखवू?"

"नाही, मी म्हनलं…"

"म्हनू नको. काई करू नका. फक्त पाच डोके जमू द्याचे नाहीत. त्याइचे चारच हायेत. तारीख निघून गेली का नाव वरून येते. अन् वर आपली वळख हाये."

वरून नाव आलं तर ते कोणाचं येणार, हे न सांगता सगळ्यांना कळलं. साला कोपऱ्यात बसून मिशीवर बोट फिरवत होता.

मला काय झालं कोण जाणे. मी गाळणी खाली ठेवली आणि जाऊबाईंना म्हटलं, आवाज बाहेर जाईल इतपत मोठ्याने, "जाऊबाई, तिकडं इचारा, मी मेंबर हाये का नाही म्हून."

जाऊबाई चौकटीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "धाकली इचारून राह्यली, थे मेंबर हाये का नाही?"

मग बैठक हसली. असं हसली की साल्याला ठसका लागला. भासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हाये म्हना तिले. कागदावर हाये."

मी आयुष्यात पुष्कळ लोकांना हसवलं आहे, पण माझा विनोद नसताना झालेलं ते हसू माझ्या अजून अंगावर आहे.

पहिल्या सभेला ते तिघे गेले. इकडचे तिकडचे विषय झाले. पंचाच्या निवडीचा विषय निघाला तसा एक मेंबर उठला, "लघवीले जाऊन येतो." दुसरा उठला, "त्याले सोबत." भासरे थोडा वेळ बसले, मग म्हणाले, "अजून काऊन नाही आले थे? पाहून येतो." आणि तिघेही थेट घरी येऊन जेवायला बसले. चपराशाने हा प्रसंग मागच्या दारात मला करून दाखवला, प्रत्येकाची चाल वेगळी काढून. दुसऱ्या सभेला ते आलेच नाहीत; आमच्या गल्लीत दवंडी पिटली नाही अशी तक्रार त्यांनी वरती केली. दवंडी आमच्या दारापुढेच पिटली होती. आमचं कुत्रं त्या हलगीवर भुंकलं होतं.

आता शेवटची सभा. या वेळी गावातले चार लोक हात धरून नेतील अशी भीती होती, म्हणून भासऱ्यांनी गावच सोडायचं ठरवलं. सकाळी पांढरं धोतर, कोट, टोपी. "बालाजीले जाऊन येतो," म्हणाले, आणि दोन मेंबर आणि साल्याला घेऊन देऊळगाव राजाच्या बसमध्ये बसले. बस धूळ उडवत गेली. मी शेण कालवत उभी होते आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

भासरे जिथे, तिथे सून नाही. बरोबर. पण भासरे तर गावातच नाहीत! मग रीत आडवी येतेच कुठे? ज्या एका माणसामुळे मला त्या खोलीत पाय टाकता येत नव्हता, तो माणूस स्वतःच्या पायाने, स्वतः तिकीट काढून, निघून गेला होता. नऊ डोक्यांचा हिशेब करताना त्यांनी सगळी मोजली, फक्त घरातलं मोजलं नाही.

मी हात धुतले, आणि दुपारी सभेची वेळ होत आली तसं जाऊबाईंना सांगितलं, "मी मिटिंगले चालली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता आरडाओरडा. त्या म्हणाल्या, "हे नेसून?"

"मंग?"

"पंचायतीत जाशील अन् खोपरावर फाटलेली चोळी दाखवशील? थांब वं." त्यांनी पेटी उघडली, स्वतःचं हिरवं इरकली लुगडं काढलं, आणि मला नेसवायला बसल्या. निऱ्या पडेनात. मी म्हटलं, उशीर होऊन राह्यला. त्या म्हणाल्या, तू या घरात आल्यापासून पंधरा वर्षं उशीर झाला, अजून जरासा होऊ दे. मग कुंकू नीट केलं आणि पाठीवर एक चापट मारली. "जाय. म्या तुले आज पाह्यलंच नाही."

मागच्या दाराने निघाले असते तर सोपं होतं. मी पुढच्या दाराने निघाले. लुगडं जाऊबाईंचं होतं, ते दिसायला नको? पारावरच्या माणसांनी विड्या खाली केल्या. विहिरीवरच्या बायका रहाट सोडून पाहू लागल्या. एकीने विचारलं, "कुठी वं बाई, इतकी नटून?" मी म्हटलं, "मिटिंगले." तिला वाटलं मी थट्टा करते. माझी ख्याती तशी होतीच.

पंचायतीच्या खोलीत सतरंजीवर चारजण सुतकी चेहऱ्याने बसले होते आणि ग्रामसेवक घड्याळ पाहत होता. मी दारात उभी राहिले तसे सगळे उठून उभे राहिले, जणू मी कलेक्टर. उमेदवार तेवढे बसून राहिले. वर पाहून म्हणाले, "वहिनी, वाट चुकल्या का?"

"नाही भाऊ. मेंबर हाये मी. कागदावर."

ग्रामसेवकाने आपली खुर्ची मला पुढे केली. मी नको म्हटलं आणि सतरंजीवर घट्ट मांडी घालून बसले. खुर्चीवरून माणूस पटकन उठतो. मांडी मोडायला वेळ लागतो. एवढं शहाणपण मला त्या दिवशी कुठून सुचलं कोण जाणे, पण सुचलं ते बरं झालं.

ग्रामसेवकाने बोटाने डोकी मोजली. माझ्यावर बोट आलं तेव्हा तो थांबला, चष्मा पुसला, आणि म्हणाला, "पाच." त्याने निवडीची नियमावली वाचायला घेतली. हा माणूस इतका नियमाचा की वाचून संपेचना. आणि तेवढ्यात बाहेर बसचा हॉर्न वाजला.

भासऱ्यांनी वेळ संपली असेल असा अंदाज करून परतीची बस धरली होती. पारावर उतरल्याबरोबर त्यांना कोणी काय सांगितलं माहीत नाही, पण चपला फटफटत आल्याचा आवाज आला, आणि मग दारापाशी तो आवाज थांबला.

मग खोकला आला.

आमच्या घरात भासरे ओसरीवर आले की खोकायचे. तो खोकला म्हणजे हुकूम. ऐकला की सुनांनी पदर ओढून आतल्या खोलीत पळायचं, हातात तवा असला तरी. लग्न होऊन आल्यापासून त्या खोकल्यावर माझे पाय आपोआप चालायचे. त्या दिवशीही गुडघा हलला. मी उठले असते तर चारच उरले असते. उमेदवार माझ्याकडे पाहत नव्हते. समोरच्या भिंतीकडे पाहत होते, उन्हात उभं राहून निकाल ऐकताना पाहत होते तसेच.

मी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि बसून राहिले.

दुसरा खोकला, मोठा. सरपंच म्हणाले, "कोनी आजारी हाये का? पानी द्या त्याले."

भासरे आत येऊ शकत नव्हते. आत आले तर तेच हजर धरले जातील, मग कोरम मोडायचा कसा? उंबऱ्याबाहेरून ते हवेला उद्देशून म्हणाले, "घरी म्हैस अडली हाये. सूनबाईले बलावलं हाये म्हना."

मी सरपंचांच्या कानाशी म्हटलं, "बाबा, तिकडं सांगा. म्हशीपाशी जाऊबाई हायेत. अन् मी मिटिंगीत हाये."

सरपंच बहिरे; त्यांना वाटायचं सगळेच बहिरे. ते ओरडले, "म्हशीपाशी जाऊबाई हायेत! अन् हे मिटिंगीत हाये!" खिडकीला लोंबकळलेले लोक हसले. बैठकीतल्या हसण्याची परतफेड अर्धी झाली.

"घरची रीत काई हाये का नाही, इचारा तिले!"

आता मात्र मला मजा यायला लागली. म्हटलं, "बाबा, सांगा. रीत पुरी पाळून राह्यली मी. सून जिथं बसली, तिथं भासऱ्यानं पाय टाकू नाही. त्याइनं बाहीरच थांबावं."

सरपंचांनी हेही ओरडून सांगितलं, शब्द न शब्द. भासऱ्यांचे दोन मेंबर आत डोकावले, आत यावं की न यावं याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चालला होता. आले असते तरी पाचासमोर तीनच हात झाले असते. ते उंबऱ्यावरच राहिले.

"हात वर करा," ग्रामसेवक म्हणाला.

चार हात वर झाले. उमेदवारांनी स्वतःला मत देताना सुद्धा कपाळाला आठी घातली होती. मग मी हात वर केला, लुगड्याचा काठ दिसेल असा, खांद्यापासून सरळ. ग्रामसेवकाने लिहून घेतलं तरी मी खाली घेईना. तो म्हणाला, "बाई, झालं." मी म्हटलं, "राहू द्या जरासा."

घरी आले. भासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ते आधीही बोलत नव्हतेच, त्यामुळे ही शिक्षा कळायला मला बरेच दिवस लागले. आमचे हे शेतातून आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "गाव म्हनून राह्यलं का तू कोरम केला."

"हाव."

"थो काय असते?"

"पाच जन बसले का होते."

त्यांनी विचार केला. "मंग बसलीच व्हतीस ना फक्त. एवढं काय त्यात?" आणि बैल सोडायला गेले.

पण महिन्याभरात चूल वेगळी झाली. अंगणात भिंत घातली गेली. भासऱ्यांनी ती स्वतः उभं राहून घालून घेतली, आणि जाऊबाईंनी गवंड्याला सांगून ती इतकी बुटकी ठेवली की वरून भाजीची वाटी देता यावी. मी एकदाही म्हटलं नाही की चुकलं. भिंतीच्या या बाजूला मी माझा पदर डोक्यावरून खांद्यावर घेतला, आणि मिटिंगला जात राहिले. भासरे यायचे तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून बसायची. रीत ती रीत. माझ्या पाठीला मत देता येत होतं.

आता पंचांचं ऐका. नवे पंच बसले, आणि पहिल्याच बैठकीत फिर्याद कोणाची? भासऱ्यांची! बौद्धवाड्यातल्याच एका म्हाताऱ्याच्या शेळ्या त्यांच्या कपाशीत घुसल्या होत्या. सारं गाव तिकडे लोटलं. मीही गेले, दुरून उभी राहिले. सतरंजीवर सावलीत ते पंच, आणि समोर भासरे उभे, टोपी हातात. मी मनात म्हटलं, आता ज्वारीचा हिशेब चुकता होतो. कपाशी वाटेच्या फार जवळ पेरली होती, असं काहीतरी ऐकायला माझे कान टवकारले होते.

पंचांनी दोघांचं ऐकलं, स्वतः शेतात जाऊन पाहून आले, आणि निकाल दिला भासऱ्यांच्या बाजूने. म्हाताऱ्याला दंड.

मी चिडले! इतकी चिडले की पाणवठ्याच्या वाटेवर त्यांना गाठलं. "भाऊ, यासाठी मी घर अंगावर घेतलं? चूल फोडून घेतली? निकाल असा काऊन दिला तुम्ही?"

ते थांबले, नेहमीप्रमाणे विचार केला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "शेळ्याइनं खाल्ली व्हती वहिनी. म्या काय करू?"

आणि चालते झाले. ना आभार, ना गोड शब्द. मी घागर काखेत घेऊन तिथेच उभी राहिले, रागाने लाल, आणि मग मला इतकं हसू आलं की घागर हिंदकळून अर्धी सांडली. असला तिरपागडा माणूस! पुन्हा निवड आली तर पुन्हा त्यालाच हात वर करीन, असं मी तिथल्या तिथे ठरवलं, भासरे समोर बसलेले असले तरी. तशी वेळ पुढे आली, ते समोर बसलेले होते, आणि मी केला.